घराचा कागद वेगळा, जमिनीचा वेगळा: गावाकडे घरासह जमीन घेताना

डिसेंबरातली सकाळ होती. भूकरमापकाने बांधाच्या कोपऱ्यातल्या दगडापासून मोजत मोजत चुन्याची फक्की टाकली आणि ती रेघ सरळ घराच्या मागच्या पडवीतून गेली. पडवीतली चूल रेघेच्या अलीकडे, चुलीमागची भिंत पलीकडे. विहीर तर रेघेपलीकडे दहा-बारा पावलांवर. घरमालक काका बराच वेळ रेघेकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “माझ्या आज्याने खणलेली विहीर आहे ही.” ते खोटं बोलत नव्हते. साठ वर्षं त्या घराने त्याच विहिरीचं पाणी प्यायलं होतं. पण ती ज्या जागेत होती, ती जागा वाटणीत चुलत भावाच्या हिश्श्याला गेली होती आणि वाटणीनंतर कोणी मोजून पाहिलंच नव्हतं.

रत्नागिरी जिल्ह्यातलं ते जांभ्या चिऱ्याचं घर आणि भोवतीची साधारण सव्वा एकर जागा आम्ही नवरा-बायकोने घ्यायचं ठरवलं होतं. पुढे घेतलीही. पण त्या चुन्याच्या रेघेमुळे एक गोष्ट पक्की कळली, आणि कोणी गावाकडे जागा घ्यायची म्हणून विचारायला आलं की मी तीच आधी सांगतो. शहरात फ्लॅट घेताना घर ही एकच वस्तू असते. गावाकडे घर आणि जमीन या दोन वस्तू असतात. त्यांचे कागद वेगळे, ते ठेवणारी कार्यालयं वेगळी, त्यांना लागू होणारे कायदेही बरेचदा वेगळे. डोळ्यांना एकत्र दिसणाऱ्या या दोन गोष्टी कागदावर एकत्र आहेत का, हे तपासणं म्हणजेच गावाकडची खरेदी.

घराचा कागद

घराची नोंद असते ग्रामपंचायतीत. तिथल्या कर आकारणीच्या नोंदवहीला नमुना ८ म्हणतात. लोक त्याला घराचा उतारा किंवा असेसमेंट म्हणतात. त्यात घर क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, बांधकाम कशाचं आणि घरपट्टी किती, एवढं असतं. तलाठ्याकडे मिळतो तो ८अ. नाव जवळजवळ सारखं, पण कागद पूर्ण वेगळा: एका खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती शेतजमीन आहे, त्याचा तो गोषवारा. विकणारा “आठचा उतारा आहे” म्हणाला, तर कुठला आठ, हे लगेच विचारा. आमच्या पहिल्या भेटीत याच एका शब्दावर अर्धा तास गोंधळ झाला होता.

नमुना ८ वर नाव आहे म्हणजे घर त्याचं, असं बहुतेकांना वाटतं. कायद्याने तसं नाही. ती नोंद कर वसूल करण्यासाठी असते. घरपट्टी भरल्याने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेलं आहे. घर कोणी बांधलं, कोणाच्या पैशाने बांधलं, कोणाच्या जमिनीत बांधलं, हे नमुना ८ सांगत नाही.

मग घराखालची जमीन कुठे सापडते? इथे दोन शक्यता आहेत. घर जुन्या गावठाणात असेल, तर त्या जागेला पुष्कळदा सातबाराच नसतो. अशा जागांसाठी २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका द्यायला सुरुवात झाली. तुमच्या गावात ते काम झालं असेल, तर मिळकत पत्रिका मागा आणि तिच्यावरचं क्षेत्र जागेवरच्या भिंतींशी जुळवून बघा.

दुसरी शक्यता कोकणात जास्त: घर गावठाणाबाहेर, वाडीत, आपापल्या आंब्याच्या कलमांमध्ये आणि माडांमध्ये. अशा घराखाली शेतजमिनीचाच सातबारा असतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कधी कधी ‘घर’ म्हणून वेगळ्याच माणसाचं नाव दिसतं. म्हणजे जमीन एकाची आणि त्यावरचं घर दुसऱ्याचं. यामागे इतिहास आहे. कोकणात खोती होती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा जमिनीवर हक्क असे. ती १९४९ च्या कायद्याने संपली आणि मग कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली. पण कित्येक घरं त्याआधीपासून खोताच्या किंवा भाऊबंदांच्या जमिनीत उभी होती. कुळाच्या राहत्या घराखालच्या जागेला कुळकायद्यात वेगळं संरक्षण आहे. त्यामुळे नुसती जमीन विकत घेऊन घर आपोआप तुमचं होत नाही, आणि घर घेऊन जमीनही नाही.

सातबारा वाचायचा कसा

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ एकाच कागदावर. वरचा सात सांगतो की जमीन कोणाची आणि तिच्यावर कोणाचे काय हक्क. खालचा बारा सांगतो की तिथे काय पिकतं. आता डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो, त्यामुळे विकणाऱ्याने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. त्या दिवसाचा ताजा उतारा स्वतः काढा.

सगळ्यात आधी क्षेत्र बघा. ते हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं, तर बोलणी होतात एकर-गुंठ्यांत. १ एकर म्हणजे ४० गुंठे. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे गुंठ्यापेक्षा थोडा लहान. म्हणून ०.४०.५० असा आकडा दिसला की साधारण एक एकर समजायचा. आर म्हणजेच गुंठा धरून हिशोब केला, तर एकरामागे अर्ध्या गुंठ्याची गडबड होते. क्षेत्राखालीच ‘पोटखराबा’ असतो: खडक, कातळ, ओढा, लागवडीला अयोग्य भाग. भाव ठरवताना पोटखराबा किती आणि तो नेमका कुठे, हे जागेवर चालत जाऊन बघा.

मग भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर विकायला सहसा सरकारची परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर थांबा. इनाम, वतन, प्रकल्पग्रस्तांना दिलेली, सरकारने वाटप केलेली अशा जमिनी बहुधा वर्ग २ मध्ये असतात आणि परवानगीशिवाय विकता येत नाहीत. देवस्थान इनामाच्या तर वाटेलाच जाऊ नका. कुळाने कायद्याने विकत घेतलेल्या जमिनीवर ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो. हा शेरा बघून लोक फार घाबरतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर आकारणीच्या चाळीस पट रक्कम सरकारला भरून हे बंधन सोडवता येतं. आकारणी म्हणजे सातबाऱ्यावर ‘आकार’ म्हणून लिहिलेले ते काही रुपये-पैसे. त्याची चाळीस पट म्हणजे फार मोठी रक्कम होत नाही. पण ती भरणं आणि शेरा कमी करून घेणं हे विकणाऱ्याचं काम, आणि खरेदीखताच्या आधीचं काम.

‘इतर हक्क’ हा रकाना मी प्रत्येक वेळी दोनदा वाचतो. विकास सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, पायवाट, झाडं, सगळं तिथे येतं. हो, झाडं. जमीन एकाची आणि तिच्यातले दोन आंबे दुसऱ्याचे, अशी नोंद कोकणात अजून सापडते. ‘खाजगी वन’ असा शेरा दिसला तर वकिलाकडे गेल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. महाराष्ट्रात ३० ऑगस्ट १९७५ रोजी खाजगी वनं कायद्याने सरकारजमा झाली आणि तशी नोंद असलेल्या जागेत घरही अडकतं, जमीनही अडकते. विकणारा आदिवासी असेल, तर बिगर-आदिवासीला जमीन द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तिला आधी शासनाची मान्यता लागते. रायगड, ठाणे, पालघर, नाशिककडे फार्महाऊस शोधणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवून फिरावं.

सातबारा आजचं चित्र दाखवतो. ते कसं बनलं, हे फेरफार सांगतात. सातबाऱ्यावर गोल कंसात किंवा वर्तुळात जे आकडे असतात, ते फेरफार क्रमांक. त्यातला प्रत्येक फेरफार काढून वाचा. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, कुळाची नोंद, सगळं तिथे दोन-चार ओळींत लिहिलेलं असतं. आमच्या घराची विहीर कुठे गेली, हे जुन्या वाटणीच्या फेरफारात होतं. आम्ही तो वाचलाही होता. पण ‘हिस्सा नं. ३ मध्ये विहीर’ या ओळीचा अर्थ, हिस्सा नं. ३ जमिनीवर कुठून सुरू होतो हे कळल्यावरच लागला.

तुम्ही घेऊ शकता का?

महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ नुसार, शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता, बक्षीस देता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. हा कायदा पश्चिम महाराष्ट्राला आणि कोकणाला लागू. विदर्भ आणि मराठवाड्यासाठी वेगळे कायदे आहेत, पण सूत्र तेच. हे मोडून व्यवहार केला तर तो अवैध ठरू शकतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. गुजरातमध्ये याच कायद्याची त्यांची आवृत्ती चालते. तिथल्या एका प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मृत्युपत्रानेसुद्धा शेतकरी नसलेल्याला अशी जमीन देता येत नाही. ‘आत्ता मृत्युपत्र करून ठेवू, नंतर बघू’ हा सल्ला कोणी दिला, तर हे आठवा.

शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे तुमच्या नावाचा सातबारा किंवा ८अ. माझ्या बाबतीत सातारा जिल्ह्यातली आजोबांची जमीन वारसाने माझ्याही नावावर आली होती, तिचा उतारा चालला. पुष्कळांची अशी जमीन असते, पण वारस नोंद केलेली नसते. वडील गेले, आजोबांचंच नाव राहिलं, मुलगा पुण्यात. अशांनी नवी जागा शोधण्याआधी गावी जाऊन आपली वारस नोंद करावी. मुलींनीसुद्धा. तुमचा हक्क आहे आणि त्यानेच पुढचा दरवाजा उघडतो.

शेतकरी नसाल, तर रस्ते तीन: गावठाणातलं घर, आधीच बिनशेती झालेली जागा, किंवा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. पहिल्या दोनांत अनेकांचं भागतं. स्वतःचं घर, परसात चार नारळ आणि भाजीचे वाफे एवढंच हवं असेल, तर दोन एकर शेतजमिनीच्या मागे लागायची गरज नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी रूपांतर कर भरून बिनशेती मानण्याची तरतूद जमीन महसूल संहितेत केली गेली होती; आज काय लागू आहे, तीही चौकशी करण्यासारखी.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. परकीय चलनाच्या नियमांनुसार अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळचे भारतीय) भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेऊ शकत नाहीत. वारशाने मिळालेलं ठेवता येतं. म्हणून न्यू जर्सीतून भावाला पैसे पाठवून स्वतःच्या नावावर कलमांची बाग घेऊ, हे होणार नाही. आजोबांच्या बागेत वारस म्हणून नाव लावून घेणं मात्र होतं, आणि ते आवर्जून करावं.

तुकड्यांबद्दलही सांगायला हवं. १९४७ चा तुकडेबंदी कायदा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडे पाडू देत नाही. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत ही मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे झाली. सवलती आणि दुरुस्त्या होत राहतात, त्यामुळे खरेदीच्या दिवशी काय लागू आहे ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारावं. पण एक-दोन गुंठ्यांचे ‘फार्म प्लॉट’ शेतजमिनीतून काढून विकणाऱ्यांपासून दूर राहा. त्यात तुम्हाला सातबाऱ्यावर वीस जणांसोबत सामाईक नाव मिळतं, आणि कुठला गुंठा तुमचा हे कोणताच कागद सांगत नाही.

सतरा नावं

आमच्या सातबाऱ्यावर सतरा नावं होती. त्यातली सहा माणसं हयात नव्हती. काका म्हणायचे, “सगळे घरचेच आहेत, कोणाची हरकत नाही.” खरंच कोणाची हरकत नव्हती. पण हरकत नसणं आणि सही असणं या दोन गोष्टींमध्ये आमचे चौदा महिने गेले.

कारण असं. वडिलोपार्जित मिळकतीत प्रत्येक वारसाचा हिस्सा असतो आणि वाटणी होईपर्यंत तो जमिनीच्या प्रत्येक कणावर असतो. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकी हक्कदार झाली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याची अटही नाही. त्यामुळे लग्न होऊन वापीला गेलेल्या आत्याची सही लागते, आणि ती गेली असेल तर तिच्या मुलांची. ‘मुलींनी हक्क सोडला आहे’ असं तोंडी सांगितलेलं चालत नाही. हक्कसोड पत्र नोंदणीकृत हवं. मुखत्यारपत्रावर कोणी सही करणार असेल, तर मुखत्यारपत्र देणारा त्या दिवशी हयात आहे का, हे पाहा. तो गेला की ते पत्र संपतं.

इथे घर आणि जमिनीतला फरक पुन्हा दिसतो, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. समजा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला नुसता एका भावाचा हिस्सा तुम्ही घेतलात. शेतजमीन असेल तर तुम्ही सहहिस्सेदार झालात आणि वाटप मागू शकता. पण कुटुंबाचं राहतं घर असेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे तुम्हाला, म्हणजे बाहेरच्या माणसाला, त्या घरात त्यांच्यासोबत ताबा मागता येत नाही. तुम्ही वाटपाचा दावा लावलात, तर १८९३ च्या वाटप कायद्याप्रमाणे घरचे लोक तुमचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला परत विकत घेऊ शकतात. घर त्यांचंच राहतं. कायद्याने घरच्यांच्या बाजूने उभं राहावं हे मला योग्यच वाटतं. पण ‘मोठ्या भावाचा अर्धा हिस्सा तर घेऊ, बाकीचे वळतील’ असं म्हणून पैसे देणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वारस नोंदी पूर्ण, मग सगळ्यांच्या सह्या किंवा हक्कसोड, मग टोकनपेक्षा मोठी रक्कम. या काळात वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, करून घ्या, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या, त्यातलं एक त्या तालुक्यात वाचलं जाणारं असू द्या. मुंबईच्या पेपरात दिलेली नोटीस वाडीत कोण वाचणार?

वाट आणि पाणी

कागदावर रस्ता नसेल, तर गाडी दारात उभी राहते म्हणून रस्ता आहे असं समजू नका. ती गाडी कदाचित शेजाऱ्याच्या चांगुलपणावर येत असेल आणि तो चांगुलपणा काकांशी असेल, तुमच्याशी नाही. गावनकाशा काढा, पाणंद किंवा शिवरस्ता दिसतो का बघा. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अडथळा काढून मागता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. हे उपाय आहेत, तरी मी म्हणेन की खरेदीआधीच वाटेचा नोंदणीकृत करार करून घ्यावा. शेजाऱ्याशी पहिली ओळख तहसील कचेरीत होऊ नये.

पाण्यासाठी एकच परीक्षा: विहीर मे महिन्यात बघा. कोकणात प्रचंड पाऊस पडतो, पण जांभा दगड पाणी धरत नाही. सप्टेंबरात काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिलात तळ दाखवते. विहीर सामाईक असेल तर पंपाची पाळी कोणाची कधी, वीज कोणाच्या मीटरवर, हे विचारा. आम्ही शेवटी चुलत घराण्याशी पाण्याच्या हक्काचा आणि विहिरीपर्यंतच्या वाटेचा करार करून तो नोंदवला. रेघेपलीकडे गेलेली पडवी उतरवून घेतली. काकांनी तेवढी किंमत स्वतःहून कमी केली.

जुलैत एकदा पुन्हा जा. ओढ्याचं पाणी परसात शिरतं का, कौलं कुठे गळतात, वाशांवर वाळवीची मातीची नळी चढलेली दिसते का, हे पावसाळ्यातच कळतं. बागेबद्दल विचाराल तेव्हा एक प्रश्न विसरू नका: यंदाची कलमं कराराने दिली आहेत का? पुष्कळदा आंब्याचा हंगाम आधीच व्यापाऱ्याला दिलेला असतो आणि खरेदीनंतर पहिल्या वर्षी तुमच्या बागेतल्या पेट्या दुसऱ्याच्या टेम्पोत जाताना बघाव्या लागतात. घराला उजेड यावा म्हणून एखादा जुना आंबा, फणस, जांभूळ तोडायचा विचार असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. समुद्र किंवा खाडी जवळ असेल, तर किनारा नियमनाची रेषा नकाशावर कुठे आहे ते पाहा, कारण जुनं घर दुरुस्त करणं आणि ते पाडून नवं बांधणं यांत तिथे मोठा फरक पडतो.

मोजणी आधी, खरेदीखत नंतर

मोजणीचा अर्ज खातेदाराने तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात करायचा असतो. म्हणजे तुमचं नाव सातबाऱ्यावर येण्याआधी तो विकणाऱ्यालाच करावा लागेल. फी तुम्ही भरा, पण अर्ज त्याच्याकडून करून घ्या. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. त्या दिवशी त्यांना हजर राहायला स्वतः फोन करून बोलवा. मोजणीनंतर नकाशाची ‘क’ प्रत मिळते, तिच्यात हद्दी आणि जागेवरचा ताबा दिसतो. घर, विहीर, संडास, गोठा, मांगर, सगळं त्या नकाशात दाखवायला सांगा.

ती ‘क’ प्रत हातात आली की खरेदीखतात दोन गोष्टी सुटसुटीत लिहिता येतात: सर्व्हे नंबर-हिस्सा नंबरसह जमिनीचं क्षेत्र आणि चतुःसीमा, आणि त्याच जमिनीत असलेलं घर, ग्रामपंचायत घर क्रमांकासह. दोन्ही एकाच खतात, दोन्ही नावानिशी. आमच्या खताच्या पहिल्या मसुद्यात फक्त जमीन होती, घराचा उल्लेख ‘त्यावरील बांधकामासह’ एवढाच. वकिलांना सांगून घर क्रमांक आणि नमुना ८ चा तपशील घालून घेतला.

दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली म्हणजे काम संपलं नाही. सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे फेरफार नोंदवला जातो, संबंधितांना हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. घरासाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज करून नमुना ८ वर नाव बदलून घ्यावं लागतं. वीजमीटरचा अर्ज तिसराच.

गोव्यात घेणार असाल, तर कागदांची नावं बदलतात. सातबाऱ्याच्या जागी तिथे फॉर्म एक आणि चौदा असतो. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे विकणाऱ्याच्या पती किंवा पत्नीची सही सहसा लागतेच, कारण मिळकत दोघांची सामाईक मानली जाते. आणि २०२३ च्या कायद्याने तिथे भातशेती शेतकरी नसलेल्याला विकायला बंदी आहे.

आमचं नाव सातबाऱ्यावर आलं ते फेब्रुवारीत. खालच्या बारा नमुन्यात जमीन ‘पड’ दाखवली होती, कारण कित्येक वर्षं कोणी पीक पाहणी नोंदवलीच नव्हती. आता ती आपल्याच मोबाईलवरून ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये, आपल्याच बागेत उभं राहून फोटो काढून नोंदवता येते. बायकोने पहिल्या हंगामात हापूसची चौदा झाडं आणि नऊ माड नोंदवले. आम्ही दोघं प्रत्येक झाडापाशी जाऊन मोजत होतो, आणि पंधरावं झाड आपलं की रेघेपलीकडचं, हे बघायला ‘क’ प्रत घेऊन काकाही आले होते.